सातवं गेट

“ह्या मांजराच्या खांद्याला काय झालंय?”

सारिकाच्या अप्पांनी हे विचारलं तेव्हा शौनक, सारिका आणि मी त्यांच्या खुर्चीमागं उभे होतो. समोर स्क्रीनवर एक निळं मांजर दुधाच्या कालव्याच्या काठानं चाललं होतं. उजवा खांदा वर, मान किंचित डावीकडं, डावा पाय जरासा ओढत. गेले तीन महिने ते असंच चालत होतं, पण त्याच्या खांद्याची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनीसुद्धा नाही, आणि त्यांचा तर तो धंदाच होता.

“स्टाईल आहे ती, काका,” शौनक म्हणाला. “कॅरेक्टर.”

अप्पांनी नवा चष्मा नाकावर नीट बसवला. दोन तासांपूर्वीच दुकानातून आणलेला चष्मा. दांडीला अजून किमतीची चिठ्ठी लोंबत होती.

“स्टाईल न्हाई साहेब. चावीचा खांदा हाय ह्यो.” मग ते स्क्रीनवर आणखी वाकले. “पर चावी कुठाय?”

सारिका खिडकीबाहेर बघायला लागली. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. समोरच्या इमारतीचा जिना होता.

गोष्ट दोन हजार बाराच्या मे महिन्यातली. मी तेव्हा पुण्यात, कर्वेनगरात, ‘तिसरा मजला’ नावाच्या कंपनीत गेम डिझायनर होतो. कंपनी दुसऱ्या मजल्यावर होती. तिसऱ्या मजल्यावरची जागा ऐनवेळी हुकली, पण तोवर पाटी रंगवून झाली होती. आमच्याकडं एकदा ठरलं आणि पुढं बदललं नाही असं त्या पाटीशिवाय मला काही आठवत नाही.

त्याआधी मी प्रेशर कुकरच्या जाहिराती लिहीत असे. कॉलेजात एक एकांकिका लिहिली होती. ती स्पर्धेत पडदा अडकल्यामुळं संपलीच नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. एवढ्या भांडवलावर शौनक गानूनं मला नोकरी दिली. शौनक सहा वर्षं कॅनडात राहून आलेला. येताना त्यानं दोन गोष्टी आणल्या होत्या. एक थंडीचा कोट, ज्याचा पुण्यात उपयोग नव्हता. आणि एक नियम. मीटिंगमध्ये कुणाच्याही कल्पनेला ‘नाही’ म्हणायचं नाही. ‘हो, आणि...’ असं म्हणून त्यात आपली भर घालायची. चुकून ज्याच्या तोंडून ‘नाही’ जाईल त्यानं सगळ्यांना भेळ आणायची. ‘नाही’ म्हटल्यानं कल्पना मरतात, असं शौनकचं म्हणणं होतं. आमच्याकडं खरोखरच एकही कल्पना ‘नाही’नं मेली नाही.

‘पाटकरी’ ही कल्पना सारिकाची. सारिका मुळीक आमची अ‍ॅनिमेटर, फलटणकडची. एकदा डबा खाताना म्हणाली, “सर, आमच्या अप्पांचं काम म्हणजे गेमच आहे बघा.”

“काय करतात?”

“पाटकरी आहेत. चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, पाणी सुटलं की गेटं उघडायची. सात गेटं आहेत. खांद्यावर ही एवढी लोखंडी चावी घेऊन दिवसभर काठानं चालायचं. पाणी असतं मोजकं. पहिल्या गेटचा म्हणतो मला आधी दे, दुसऱ्याचा म्हणतो मला. आणि एकदा उघडलं की तो माणूस गेटवर जाऊन बसतो. उठतच नाही. बंद कसं करणार?”

“आणि सातव्या गेटचा काय म्हणतो?”

“तो टेलचा, म्हणजे चारीच्या पार शेपटाचा. तो काय म्हणतो ते वरपर्यंत ऐकूच येत नाही. आमच्याकडं तिथं भागूआज्जी आहे. मेथी लावते.”

“तिला मिळतं पाणी?”

“अप्पा असले की मिळतं,” सारिका म्हणाली आणि तिनं डब्याचं झाकण लावलं.

त्याच संध्याकाळी मी गेमचा आराखडा लिहून काढला. बारा मिनिटांचं पाणी, सात गेटं, शेवटी म्हातारीची मेथी. गेटापाशी गेलं की शेतकरी अंगावर येतो आणि स्क्रीनवर दोन बटणं उमटतात: ‘उघड’ आणि ‘नाही’. सातव्या शेताला पाणी पोचलं की जिंकलात. आमचा प्रोग्रॅमर जोसेफ यानं पाण्याचं गणित मांडलं, अगदी कोरड्या चारीत पाणी किती मुरतं तेसुद्धा. सारिका गावी जाऊन अप्पांच्या चालण्याचं मोबाइलवर शूटिंग करून आली. पुढून चार मिनिटं, मागून पाच. गेममधल्या प्रत्येक पात्राच्या आत एक सांगाडा असतो. तो कसा हलणार ते आधी ठरतं आणि कातडी नंतर चढते. अप्पांचा सांगाडा चालता करायला तिला तीन आठवडे लागले. तीस वर्षं चावी वाहून चढलेला खांदा, पाण्यात राहून आखडलेला डावा पाय, सगळं त्यात आलं. पहिल्यांदा तो माणूस स्क्रीनवर चालला तेव्हा जोसेफ त्याला बघून खुर्चीतून अर्धवट उठला. मागून म्हणाला, पाय आखडला होता.

सारिकाला एकतीस मेपर्यंत गेम हवा होता. त्या दिवशी अप्पा निवृत्त होणार होते. अप्पांचा जन्म एक जूनचा. त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म एक जूनचाच, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना ती तारीख सोयीची पडे. त्या दिवशी गावात सत्कार होता, आणि सत्कारात शाळेच्या प्रोजेक्टरवर ती गेम दाखवणार होती. जानेवारीतच तिनं अप्पांना सांगून टाकलं होतं, “तुम्ही आहात त्याच्यात.” पोरगी पुण्यात नक्की करते काय, असं भावकी त्यांना पाच वर्षं विचारत होती. अप्पा ‘कंपनीत हाय’ एवढंच सांगत. आता त्यांना बाकीचं उत्तर मिळालं होतं आणि ते त्यांनी चारीच्या सातही गेटांवर सांगितलं होतं.

जानेवारी संपायच्या आत शुक्रवारच्या मीटिंगमध्ये शौनकनं विचारलं, “शत्रू कोण आहे?”

“माणसंच,” मी म्हणालो. “शेजारी.”

“हो, आणि शत्रू दिसायला पाहिजे.”

मला वाटलं, खरं काहीतरी सुचवावं. काठाला भोकं पाडून पाणी पळवणारे खेकडे असतात, असं सारिकाकडून ऐकलं होतं. मी म्हणालो, “हो, आणि खेकडे घालू या.” पुढच्या शुक्रवारी खेकडे बैलाएवढे झाले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून किरण निघत होते.

मग बंगळुरूची मंडळी आली. ती आमचा गेम बाजारात आणणार होती. त्यांचं म्हणणं, साठीला आलेला, पायजमा घातलेला माणूस कोण कशाला घेईल? हो, आणि मांजर केलं तर? माणसाची कातडी उतरली, मांजराची चढली. सांगाडा नवा करायचा तर तीन आठवडे लागणार आणि दाखवायचं तर शुक्रवारी, म्हणून आत अप्पाच राहिले. मांजर आलं म्हणून पाण्याचं दूध झालं. दूध आलं म्हणून शेतांची घरं झाली आणि शेतकऱ्यांची पिल्लं. पंजानं गेट उघडता येतं म्हणून चावी गेली. ‘नाही’ हे बटण तर आमच्या नियमातच बसत नव्हतं. ते गेलं तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. खेकडे मात्र राहिले. खेकडे दूध का पितात, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही, कारण विचारताना तोंडून ‘नाही’ निघण्याचा संभव होता.

प्रत्येक वेळी सारिका काही न बोलता नवी कातडी चढवायची. एकदाच तिनं मला जिन्यात गाठलं.

“सर, मेपर्यंत परत माणूस होईल ना?”

“होईल की,” मी म्हणालो. त्या काळात मी कुणालाच नाही म्हणत नसे.

तर असे अप्पा मेच्या शेवटच्या शुक्रवारी पुण्याला आले होते. सत्काराला पोरीचं काम नीट दिसावं म्हणून चष्मा करायला टाकला होता, तो न्यायला. चष्मा घेऊन ते सरळ ऑफिसात आले, हातात डाळिंबांची पिशवी. सारिकानं अजून त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, आणि शौनकला तर ते आयतेच सापडले.

“काका, बसा! खेळून बघा! ग्रामीण युजर, दप्तरदार, लिहून घे.”

दप्तरदार म्हणजे मी.

“चावी काढली आम्ही,” शौनक आता अप्पांना सांगत होता. “मांजराला नखं असतात ना.”

“असत्यात,” अप्पांनी मान्य केलं. “मग खांदा कशापायी वर करतंय?”

अप्पांनी मागं वळून सारिकाकडं पाहिलं, मग पुन्हा मांजराकडं. मांजर चालत होतं. अप्पांचा स्वतःचा उजवा खांदा खुर्चीत बसल्या जागीसुद्धा दोन बोटं वर होता. बघायला वेळ लागला, पण मग बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराला— नाही, पायजम्याला पुसला आणि परत घातला.

“सारे,” ते म्हणाले, “मी हाय व्हय ह्यो?”

“अप्पा, आधी माणूस होता. नंतर...”

“शेपूट बरं काढलंयस,” अप्पा म्हणाले.

तिला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं. शौनक ‘इमोशनल कनेक्ट’ असं काहीतरी पुटपुटत वहीत लिहायला लागला.

अप्पांनी बोटानं स्क्रीनवरची घरं मोजली. एकदा मोजली, परत मोजली.

“सहाच हायेत. सातवं गेट कुठाय? म्हातारीचं?”

शौनकनं माझ्याकडं पाहिलं. “होतं ना रे सातवं? कुठं गेलं?”

“टेस्टिंगमध्ये गेलं,” मी म्हणालो.

पुढं कित्येक वर्षं मी ही गोष्ट मित्रमंडळींत सांगत आलो आहे आणि लोक खूप हसत आले आहेत. निळं मांजर, दूध पिणारे खेकडे, भेळ. ‘बंगळुरूवाल्यांनी वाट लावली रे तुमच्या गेमची,’ असं कुणीतरी शेवटी म्हणतं आणि मी ते खोडून काढत नाही. पण सातवं गेट बंगळुरूवाल्यांनी काढलं नव्हतं. शौनकनंही नव्हतं. ते मी काढलं होतं, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, कुणी न सांगता, अजून माणूस माणूस होता तेव्हाच. खालच्या क्लिनिकातले पेशंट आमचे टेस्टर होते. एकतीस जणांनी खेळून पाहिलं आणि एकालाही सातव्या शेतापर्यंत पाणी नेता आलं नाही. सगळे पहिलं गेट उघडत, मग दुसरं, मग तिसरं, आणि पाचव्यापर्यंत पाणी संपे. मी स्वतः वीसेक वेळा खेळलो. मलाही जमलं नाही. म्हणून जी गोष्ट कुणालाच जमत नाही ती अवघड नसून चुकीची आहे, असं मी आराखड्यात व्यवस्थित लिहून ठेवलं आणि म्हातारीचं शेत पुसून टाकलं. सारिकाला सांगायचं राहून गेलं.

“कुणाला जमतच नव्हतं हो,” मी अप्पांना म्हणालो. “सातव्यापर्यंत पाणी पोचतच नव्हतं.”

“कसं काय पोचंना?”

“पहिलं उघडलं, दुसरं उघडलं, असं करत गेलं की...”

“पयलं आधी उघडलं?” अप्पा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू आम्ही इथं बूट डोक्यावर घालतो असं मी सांगितलं होतं. “आधी पयलं कोन उघडतं? आधी शेवटाला जायाचं. टेलचं भिजलं की मग मागं मागं येत वरची उघडायची. पयला सगळ्यात शेवटी. कायदाच हाय तसा.”

मी जोसेफकडं गेलो. जोसेफनं एका कानातली गाणी काढली आणि ऐकून घेतलं.

“हो,” तो म्हणाला. “कोरडी चारी आधी पूर्ण जोरानं भिजवली तर मुरणं कमी होतं. गणितात ते आहेच.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाही. मला वाटलं, हा गेम हरायचाच आहे. मराठीत असतं तसं काहीतरी असेल.”

डावीकडून उजवीकडं जाणारा गेम आम्ही सुशिक्षित माणसांनी डावीकडून उजवीकडं खेळला होता. सात गेटांची माहिती पाटकऱ्याच्या लेकीकडून घेतली, चाल पाटकऱ्याकडून घेतली. पाणी कसं देता, एवढंच त्याला कुणी विचारलं नव्हतं. सारिकाला ते माहीत होतं म्हणावं, तर तिला ते इतकं माहीत होतं की सांगायचं असतं हेच तिच्या ध्यानात आलं नाही.

“पहिला गेम आहे माझ्याकडं,” सारिका एकदम म्हणाली. “पुसला नाही मी.”

तिनं तिच्या मशीनवर तो लावला. पायजम्यातला माणूस काठावर आला. खांद्यावर चावी होती, आणि चावी असल्यामुळं खांद्याचा कुणालाही प्रश्न पडत नव्हता. अप्पांनी त्याला चालवायला सुरुवात केली.

पहिल्या गेटावर शेतकरी धावून आला. ‘उघड’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं उमटली. अप्पांनी ‘नाही’ दाबलं. ते बटण दाबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. शेतकऱ्यानं शिवी दिली. सारिकानं ती आधीपासून घालून ठेवली होती, पण कुणी ऐकली नव्हती.

“हां,” अप्पा खुशीत म्हणाले. “अगदी शिंद्याच्या नानावानी.”

दुसरं गेट, नाही. तिसरं, नाही. चौथ्यावरचा माणूस आडवा झोपला. त्याला वळसा घालून गेले. शौनक अस्वस्थ झाला होता. “काका, पण तीन मिनिटं झाली, काहीच होत नाहीये. युजर बोअर होईल.”

“व्हतंय की,” अप्पा म्हणाले. “चालतोय न्हवं का?”

सातव्या गेटाशी ते पाचव्या मिनिटाला पोचले. चावी फिरवली. पाणी म्हातारीच्या मेथीत शिरलं आणि मग अप्पा मागं वळले. सहावं, पाचवं, चौथं. झोपलेला माणूस उठून बसला. पहिलं गेट उघडलं तेव्हा चाळीस सेकंद शिल्लक होते. सातही शेतं हिरवी झाली. जोसेफनं दुसऱ्या कानातलंही काढलं.

आणि मग स्क्रीन काळी झाली आणि त्यावर पांढरी अक्षरं आली.

अप्पा नव्या चष्म्यातून मोठ्यांदा वाचायला लागले, “इथं... शेवट... लिहायचा आहे. दप्तरदार.”

कुणीच कधी जिंकलं नव्हतं, त्यामुळं जिंकल्यावर काय होतं ते लिहायची मला गरज पडली नव्हती. जागा अडवायला म्हणून मी जानेवारीत ती ओळ टाकून ठेवली होती.

“दप्तरदार कोन?”

“मी,” मी म्हणालो.

“मग लिवा की,” अप्पा म्हणाले.

चार वाजता शुक्रवारची मीटिंग होती. अप्पा बाहेर बाकावर डाळिंबं सोलत बसले होते. बंगळुरूची मंडळी फोनच्या स्पीकरवर आली आणि म्हणाली, मांजर छान आहे, दूध छान आहे. हो, आणि चालणं काढून टाकू या. एका ओळीत तीन मिठाया आल्या की फुटतात, तसलं काहीतरी करू या.

सारिकानं माझ्याकडं पाहिलं. तिनं एकदा घसा खाकरला, पण ती सगळ्यांत धाकटी, आणि खोलीत आराखड्याचा मालक मी होतो.

“दप्तरदार?” शौनक म्हणाला.

मला एवढंच सांगायचं होतं: नाही. पहिला गेम जिंकता येतो; आजच, या खोलीबाहेर बसलेल्या माणसानं जिंकला आहे. कोपऱ्यावरच्या गाडीवर भेळ पंधरा रुपयांना मिळत होती.

“हो,” मी म्हणालो, “आणि मिठायांमध्ये मोदक घेता येतील.”

मोदक सगळ्यांना आवडले. पाटकऱ्याचा शेवटचा सांगाडा त्या संध्याकाळी मोडीत निघाला, कारण मोदकाला चालावं लागत नाही.

सारिका माझ्याशी बोलली ती थेट निघताना. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“सर, मी पहिला गेम पेन ड्राइव्हवर घेतलाय. सत्काराला तोच दाखवणार. तेवढा शेवट लिहून द्या. दोन ओळी चालतील. मी टाकते.”

“उद्या देतो,” मी म्हणालो.

माझ्या हातात सहा दिवस होते. शनिवारी मी लिहिलं की पाणी पोचल्यावर आकाशात इंद्रधनुष्य येतं. रविवारी वाटलं, हो, आणि पक्षी पण यावेत. सोमवारी म्हातारी पाटकऱ्याला आशीर्वाद देते, मंगळवारी तिच्या तोंडी अस्सल लोकगीत वाटेल अशा चार ओळी घातल्या, बुधवारी ओळींना चाल लावावी असं वाटायला लागलं. बुधवारीच सारिकाचा गावाहून फोन आला.

“सर, शेवट?”

“अगं, होत आलाय.”

“कसाही असू दे,” ती म्हणाली. मागं मांडव घालण्याचा आवाज येत होता. “पोचलं, एवढं कळलं तरी बास.”

त्याही दिवशी मी पाठवला नाही. एकतीस तारखेला सकाळच्या एसटीनं मी फलटण गाठलं, तिथून वडापच्या जीपनं गावात. खिशात शेवटाचे पाच कागद होते.

सत्कार शाळेच्या मोठ्या वर्गात होता. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना ताडपत्री लावलेली. आत शंभरेक माणसं आणि दोन पंखे. अप्पा नव्या सफारीत, हारात गळ्यापर्यंत बुडलेले. सारिकानं मला दारातच पाहिलं आणि हात पुढं केला. मी पाचही कागद दिले. तिनं ते उभ्या उभ्या चाळले.

“ह्यातला कुठला?”

“तू ठरव.”

तिनं कागदांची घडी केली आणि मला परत दिली. “राहू द्या, सर.”

भिंतीवर पायजम्यातला माणूस चालायला लागला तशी मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “आरं, आप्पाच की!” आणि वर्गात हशा फुटला. खांदा, मान, पाय, सगळं बरोबर. पहिल्या गेटचा शेतकरी आला तेव्हा गर्दीतल्या एका म्हाताऱ्याला लोकांनी कोपरानं ढोसायला सुरुवात केली. तो बहुधा शिंद्यांचा नाना असावा. प्रत्येक गेटावर अप्पांनी ‘नाही’ दाबलं की पोरंबाळं ‘न्हाईऽऽ’ म्हणून ओरडायची. एवढ्या आनंदानं ‘नाही’ म्हणणारी माणसं मी आमच्या धंद्यात पाहिली नव्हती.

अप्पा जिंकले. काळी भिंत, पांढरी अक्षरं: ‘इथं शेवट लिहायचा आहे. दप्तरदार.’

मी खाली मान घातली. टाळ्या पडल्या. कुणाला काही खटकलं नाही. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त इंजिनिअर साहेब होते. ते भाषणाला उठले आणि त्यांनी त्या भिंतीकडं हात केला. “काय सुंदर ओळ आहे,” ते म्हणाले. “पाण्याला शेवट नाही, पाटकऱ्याच्या सेवेलाही शेवट नाही. तो इथं, या मातीत, आपण सर्वांनी लिहायचा आहे. दप्तरदार म्हणून कुणी कवी आहेत, त्यांनी फार थोडक्यात सांगून ठेवलं आहे.” मग त्यांनी ती ओळ दोनदा म्हटली, दुसऱ्यांदा डोळे मिटून. माझं लेखन जाहीरपणे वाचलं गेल्याचा आजवरचा तेवढाच प्रसंग.

जेवणं झाल्यावर अप्पा हार काढून माझ्याशेजारी येऊन बसले.

“कवी,” ते म्हणाले.

“अप्पा, चुकलंच माझं. सहा दिवस होते. पाणी पोचल्यावर म्हातारीनं काय म्हणावं, तेच सुचेना.”

“सुचायचं काय त्यात? म्हनतीच की ती. पान्याच्या दर पाळीला म्हनती.”

“काय म्हणते?”

अप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. कर्वेनगरात आम्ही पाच महिन्यांत बावीस मीटिंगा घेतल्या होत्या आणि हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता.

“बांधावर बसल्याली आसती,” ते म्हणाले. “पानी आल्यालं बघती आन् म्हनती, ‘आलास व्हय रं मुडद्या? आता दमानं फिरव. मेथी वाहून जाईल माजी.’”

मी खिशातला एक कागद काढला आणि इंद्रधनुष्याच्या पाठीमागं ते लिहून घेतलं. पाटकऱ्याचा गेम रद्द होऊन तेव्हा सहा दिवस झाले होते.